बँड नातवाच्या हातात, आण्णा खुर्चीत

प्रिय ताई,

आमचे सासरे, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, वय ७३. एसटीत ड्रायव्हर होते, २०१० साली रिटायर झाले. सासूबाईंना जाऊन चौदा महिने झाले. त्या होत्या तोवर आण्णा रोज सकाळी रंकाळ्याला जायचे, तिथून मित्रांबरोबर गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचे आणि येताना घरचं दूध घेऊन यायचे. आता सगळं बंद. दूध पिशवीचं येतं, दारात. आण्णा सकाळी खुर्चीत बसतात ते रात्रीपर्यंत. टीव्ही चालू असतो, पण बघत नाहीत. कधी पोटात गोळा येतो म्हणतात, कधी गुडघे धरलेत म्हणतात. पहाटे तीनला उठून बसतात. जेवण निम्म्यावर आलंय. गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरला. फार लागलं नाही, पण तेव्हापासून घराबाहेर पडायचं नावच नाही. सोनोग्राफी झाली, ईसीजी झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, चालायला सांगा.

नणंदबाई पुण्याला असतात. त्यांनी मनगटावर बांधायचा बँड पाठवला आणि रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत म्हणून सांगितलं. आकडा त्यांच्या फोनवर दिसतो. पहिले चार दिवस हजारसुद्धा नाही. मग एकदम चौदा हजार! त्यांनी फोन करून आण्णांना शाबासकी दिली. नंतर कळलं की आण्णा तो बँड माझ्या धाकट्याच्या, अकरा वर्षांच्या पोराच्या हातात बांधतात आणि तो संध्याकाळी फुटबॉल खेळायला जातो.

मिस्टर म्हणतात, हप्त्यावर ट्रेडमिल घेऊ. शेजारच्या वहिनी म्हणतात, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. चुलत सासरे म्हणतात, आपल्या घरात कुणी वेडं नाही. चालायला लागले तर गोळ्या लागणार नाहीत ना? मी "आण्णा, जरा फिरून या" म्हटलं की एकच उत्तर: "आता कुणासाठी फिरायचं?" यावर काय बोलावं मला सुचत नाही. खरं सांगू, मीपण दमलेय. मला अहो-जाहो करू नका, तुमच्या मुलीएवढी आहे.

एक सून, कोल्हापूर

बरं, तूच म्हणालीस म्हणून तू म्हणते.

बँडच्या वाक्याशी आले आणि मोठ्यानं हसले. वयस्कर माणसांना हातपाय हलवायला लावण्यात माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. व्यायाम चुकवायच्या क्लृप्त्या पुष्कळ पाहिल्यात, पण नातवाच्या मनगटावर चौदा हजार पावलं चढवणं ही अगदी नवी. आण्णांवर रागावू नकोस. लेकीला आकडा हवा होता, तो त्यांनी पोचवला, आणि स्वतःला हवी होती ती शांतता मिळवली. एसटीतल्या माणसाला लॉगशीट कशी भरायची हे कुणी शिकवायला नको.

त्या दहा हजारांचं मूळही सांगून टाकते, नणंदबाईंना सांगायला उपयोगी पडेल. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपोकेइ’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल होता, लोकांच्या तोंडात बसला. कुठल्या डॉक्टरनं तपासून ठरवलेला तो नव्हताच. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर बायकांच्या पावलांचा हिशोब मांडला गेला, सरासरी वय ७२. रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढायचा जवळजवळ थांबला. म्हणजे आण्णांचं दुखणं नुसतं शरीराचं असतं तरी दहा हजारांचा हट्ट सोडायला हरकत नव्हती. तुझ्या पत्रातलं दुखणं तर नुसतं शरीराचं दिसतच नाही.

पोटात गोळा, गुडघे, पहाटे तीनची जाग, निम्म्यावर आलेलं जेवण, चालू टीव्हीकडे न बघणं. हे सगळं एका ओळीत मांड आणि वाच. त्या पिढीतला पुरुषमाणूस "मला उदास वाटतं" असं म्हणत नाही. त्याच्याकडे तो शब्दच नसतो. त्याचं पोट बोलतं, गुडघा बोलतो. मग आपण पोटाची सोनोग्राफी करतो, ती नॉर्मल येते, आणि सगळे म्हणतात, वय झालं. अगं, वय झालं म्हणून कुणी पहाटे तीनला भिंतीकडे बघत बसत नाही. बायको गेल्याचं दुःख चौदा महिन्यांत संपावं असं मी मुळीच म्हणत नाही, ते कधीच पुरतं संपत नाही. पण नुसत्या दुःखात माणूस अधूनमधून वर येतो. नातवाच्या एखाद्या बोलण्यावर हसतो, श्रीखंड केलं तर वाटी पुढे करतो. आण्णा असे वर येतच नसतील, तर हे नैराश्य असू शकतं, आणि त्याला उपचार आहेत. वेडाशी त्याचा काही संबंध नाही, हे चुलत सासऱ्यांना तूच सांगायला जाऊ नकोस. तुझ्या नवऱ्याला सांगू दे.

तेव्हा आधी डॉक्टर, मग रंकाळा. ज्यांनी "चालायला सांगा" म्हटलं त्यांच्याकडेच किंवा दुसऱ्या फिजिशियनकडे जा आणि रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर, सोडियम. थायरॉईड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं की माणूस असाच मिटतो, आणि हे गोळी-इंजेक्शनानं सुधारतं. आण्णा घेतात त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन जा, झोपेची कुणी दिलेली असेल तर तीसुद्धा. ब्लडप्रेशर झोपवून आणि लगेच उभं करून असं दोनदा मोजायला सांग. उभं राहिल्यावर ते एकदम उतरत असेल, तर बाथरूममधल्या घसरण्याचं कारण फरशीवर नसेल, गोळीत असेल.

आणि हो, मनाचे डॉक्टर. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराचा विभाग आहे, खाजगीत जायला नको असेल तर तिथं केसपेपर काढा. वयस्करांसाठी पंधरा प्रश्नांची एक साधी यादी असते, उत्तरं फक्त हो किंवा नाही. आयुष्याबद्दल समाधानी आहात का, बाहेर पडण्यापेक्षा घरी बसणं बरं वाटतं का, अशा धाटणीची. त्यात पोटाचा, गुडघ्याचा, झोपेचा एकही प्रश्न नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. म्हातारपणी अंग कुणाचं दुखत नाही? त्यावरून मनाचा अंदाज चुकतो, म्हणून ते वगळून विचारतात.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. "कुणासाठी फिरायचं" हे वाक्य हलकं घेऊ नकोस. शांतपणे, ते एकटे असताना, तुझ्या नवऱ्यानं किंवा तू विचारा: "आण्णा, जगणं नको असं वाटतं का?" असं विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट मनावरचं ओझं जरा उतरतं. उत्तर ‘हो’च्या जवळपास आलं, किंवा ते गोळ्या साठवताना दिसले, कागदपत्रांची निरवानिरव करायला लागले, खाणंपिणं सोडलं, तर माझ्या पुढच्या मजकुराची वाट बघू नकोस. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि त्यांना एकटं सोडायचं नाही. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

आता तुझा प्रश्न: चालायला लागले तर गोळ्या लागणार नाहीत ना?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या एका अभ्यासाचे निकाल १९९९ साली छापून आले. पन्नाशीच्या पुढचे १५६ जण, सगळ्यांना नैराश्याचा आजार. तीन गट केले. एकाला व्यायाम, एकाला गोळी, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले. गोळीचा गुण आधी दिसला, व्यायामाचा सावकाश. आणि बरे झालेल्यांपैकी व्यायामाच्या गटातल्या माणसांचं पुढच्या काही महिन्यांत पुन्हा आजारात घसरण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे चालणं ही काही आजीच्या बटव्यातली भाबडी गोष्ट नाही, त्यात औषधाचा दम आहे. पण त्या अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्या मंडळींना "घरी व्यायाम करा" म्हणून सांगून सोडलेलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा, ठरल्या वेळी, गटानं, कुणीतरी समोर उभं राहून करून घेत होतं. म्हणजे गैरहजर राहिलं की कुणाला तरी कळत होतं. शिवाय ती माणसं आपल्या पायांनी तिथवर आलेली होती. खुर्चीतून न उठणारे आण्णा त्यांत नव्हतेच. म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली तर घ्यायची. तिचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, आणि या वयात सुरुवातीला सोडियम एकदा तपासून घेतात, ते विचारून ठेव. आणि फिरायला लागले म्हणून परस्पर बंद करायची नाही. कधीकधी गोळी फक्त एवढंच करते की माणूस चपला घालण्याइतका उठतो. एवढं झालं तरी पुष्कळ.

सगळे म्हणतात, इच्छा झाली की करतील. या आजारात नेमकी इच्छाच मरते, तिची वाट बघत बसलं तर वर्ष जाईल. आण्णांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. बॅटरी उतरलेली एसटी कुणी स्टार्टर मारत बसून सुरू केली आहे का? खाली उतरून धक्का मारायचा, गाडी जरा पळायला लागली की ड्रायव्हर गिअर टाकतो, आणि मग इंजिन धरतं. आधी चाकं फिरतात, मग इंजिन. पण धक्का मारायला प्रवासी लागतात, आणि ते गाडीच्या मागे लागतात. पुण्यात बसून फोनवर आकडा बघणाऱ्याचा धक्का कोल्हापूरपर्यंत पोचत नाही.

हे मी शहाणपणानं लिहितेय असं समजू नकोस. मी स्वतः सपशेल चुकलेली आहे.

माझे वडील गेले तेव्हा आई ६९ ची होती. मी तेव्हा दिवसाला वीस-वीस पेशंटना व्यायाम शिकवायची, त्यामुळे घरातही रुबाब. आईला तक्ता करून दिला. सकाळी गच्चीवर वीस फेऱ्या, संध्याकाळी वीस. ती बिचारी मारायची, खाली यायची आणि पलंगावर आडवी व्हायची. वजन उतरतच होतं. त्याच सुमाराला तिची दगदग वाचावी म्हणून मी महिन्याचा किराणा एकदम घरपोच मागवायला लागले होते. दोन-अडीच महिन्यांनी ती सहज म्हणाली, "वाण्याकडं जाऊन किती दिवस झाले." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पूर्वी रोज एकच जिन्नस आणायची. आज पावशेर शेंगदाणे, उद्या जिऱ्याची पुडी, परवा नुसती काड्यापेटी. आम्ही हसायचो, एकदम यादी का करत नाही म्हणून. जाऊन यायला अर्धा-पाऊण तास, वाटेत तीन घरं. एकीकडे कढीपत्ता मिळायचा, दुसरीकडे सुनेचं गाऱ्हाणं ऐकायला मिळायचं, तिसरीकडे चहा. वाण्याच्या फळीवर बसून दम खायचा. गच्चीवरच्या वीस फेऱ्यांत यातलं काही नव्हतं, नुसती पाण्याची टाकी होती. मी किराणा बंद केला. पहिल्या दिवशी आई गेली नाही. दुसऱ्या दिवशी चहाला साखर नव्हती, तेव्हा कुरकुरत गेली.

तुझ्या पत्रात तू जाता जाता लिहिलंस की दूध आता पिशवीचं येतं, दारात. मी त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण केली. आण्णा रंकाळ्याला व्यायामासाठी जात होते असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं ते दूध आणायला जात होते. घरात दुधाची वाट बघणारं कुणीतरी होतं. ते माणूस गेलं, आणि मग तुम्ही मायेनंच ते कामही काढून घेतलंत. आता "कुणासाठी फिरायचं" या प्रश्नाला उत्तर शब्दांत देऊ नकोस. दूध बंद कर.

पण लगेच नाही. थांब जरा. आज त्यांची अवस्था अशी आहे की दूध नाही म्हटलं तर बिनदुधाचा चहा पितील आणि गप्प बसतील. सुरुवात संध्याकाळपासून कर, सकाळच्या वाटेला जाऊच नकोस. आपल्याकडे फिरणं म्हणजे पहाटेचंच, असा एक धाक आहे. नैराश्यात बऱ्याच जणांचा सकाळचा वेळ सगळ्यात जड असतो आणि दिवस कलता कलता मन थोडं सैल होतं. ज्या वेळी माणूस सगळ्यात खोल असतो त्याच वेळी त्याला "उठा, फिरायला चला" म्हणायचं, हा आपला शिरस्ता उलटा आहे. पाच वाजता, उजेड आहे, थंडी नाही, कुत्री अंगावर येत नाहीत. आणि पाच वाजता तुझा धाकटा फुटबॉलला निघतो.

बँड कुणाच्या हातात जातो ते आण्णांनी स्वतःच दाखवलंय, बघ. त्या पोरालाच सांगू दे. तू मध्ये पडू नकोस. "आजोबा, माझी बाटली न् चपला सांभाळायला चला, पोरं चोरतात." पहिल्या दिवशी नाही म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं, तेवढ्याच सहज. गेले तर मैदानाच्या कडेला बसू दे, चालायचा विषय काढायचा नाही. जायला दहा मिनिटं, यायला दहा, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे शंभर मिनिटं झालीच की. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या सूचनांत वयस्करांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम दमाची हालचाल, चालण्यासारखी, सांगितलीय, आणि त्याच सूचनांत हेही आहे की थोडं केलेलं काहीच न केल्यापेक्षा बरं. शिवाय संध्याकाळचा उजेड डोळ्यांवर पडेल, पहाटे तीनच्या जागेला त्याचाही उपयोग होतो. आणि कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानाकडेला बसलेला माणूस फार वेळ गप्प राहू शकत नाही. कोणी पाटाकडील संघाचा असतो, कोणी दिलबहारचा, तोंड उघडावंच लागतं. तेवढंच हवंय मला. चाल किती झाली ते दुय्यम.

मैदानावर बसायला लागले की दुसरं काम. रंकाळ्याच्या मित्रांपैकी एकाला, जो कमी बोलतो त्याला, तुझ्या नवऱ्यानं जाऊन भेटावं. त्यानं घरी येऊन "अरे असं बसून कसं चालेल" म्हणायचं नाही, ते ऐकून आण्णांचे कान किटलेत. त्यानं एवढंच म्हणायचं, "मला एकट्याला फेरी मारायला बरं वाटत नाही, चल जरा." मदत मागितली की ती पिढी उठते. मदत देऊ केली की बसते. पिशवीचं दूध बंद करायची वेळ ही. आधी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, मग जमेल तेव्हा कट्टा.

आता गुडघे आणि ती भीती.

ड्रायव्हर माणसाला डॉक्टरांनी ‘झीज’ म्हणून सांगितलं की तो काय समजतो? पार्ट झिजलाय, आता गाडी कमी चालवा. तीसेक वर्षं क्लच दाबलेला डावा गुडघा असेल तर दुखणारच. पण गुडघा म्हणजे ब्रेक लायनर नव्हे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. चालताना ती दाबली जाते, सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यातच आजूबाजूच्या वंगणातून तिचं पोषण होतं. उभी ठेवलेली गाडी खराब होते, हे त्यांनाच विचार. दुखणं दहापैकी तीन-चारच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी वाढलेलं नसलं तर चालायचं. गुडघा सुजला, गरम झाला, तर दोन दिवस थांबून दाखवायचं.

पडण्याच्या भीतीचं चक्र असं: घसरले, म्हणून बाहेर जात नाहीत, म्हणून मांड्या बारीक होतात, म्हणून उठताना हेलपाटतात, म्हणून भीती खरी ठरते. ते मांडीपाशी तोडायचं. ज्या खुर्चीत दिवस जातो तीच घ्या. पाठ भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही, शेजारी तू किंवा नवरा उभा. आण्णांनी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे यायचं, पाय गुडघ्यांच्या जरा मागे, हात छातीवर आडवे. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं आणि मग उठायचं. बरेच जण सरळ वर उठायला जातात आणि मागे आदळतात, सगळी मेख त्या वाकण्यात आहे. उठल्यावर क्षणभर थांबा. आणि बसताना धपकन नाही. मनात चार अंक मोजत, खुर्ची अजून आली नाही, अजून आली नाही, असं करत टेकायचं. ताकद उठण्यापेक्षा या बसण्यातून वाढते असा माझा अनुभव. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. पाच वेळा, दिवसातून दोनदा. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते हे पंधरा दिवसांनी एकदा मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला हात न लावता बाराच्या खाली होत असेल तर पडण्याचा धोका जास्त धरतात. आकड्यांचं प्रेमच असेल नणंदबाईंना, तर हा पाठवा.

आठवड्यातून तीन दिवस तोल. ओट्याला धरून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून दहा सेकंद उभं राहायचं, मग पाय बदलायचा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं. "या वयात ताकद कुठून येणार" असं आण्णा म्हणतीलच. १९९० साली बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या पायांची ताकद सरासरीनं दुपटीच्याही पुढे गेली आणि दोघांनी काठी सोडली. नव्वदीत हे, आण्णा तर त्र्याहत्तरचे.

बाथरूमला दांडी बसवून घ्या, टाइलवर रबरी पट्ट्या. रात्री पॅसेजमध्ये झिरोचा दिवा. स्लिपर झिजलेल्या असतील तर फेकून द्या, मागे पट्टा असलेली चप्पल आणा. साखरेची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी लांब फिरणं नको. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, असलं काही आलं की तिथंच बसायचं आणि दवाखाना. वेग किती? चालता चालता बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. बँडवरच्या ठोक्यांवर जाऊ नका. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांवर ठोके फारसे वाढतच नाहीत, मग बँड म्हणतो व्यायाम झाला नाही, आणि म्हातारा इकडे घामाघूम. पावसाळ्यात रंकाळ्याच्या काठाला शेवाळ धरतं, त्या महिन्यांत तिथं नकोच.

ट्रेडमिल घेऊ नका. हप्ता तुम्ही फेडाल आणि आण्णा भिंतीकडे तोंड करून चालतील, गच्चीवरच्या माझ्या आईसारखे. शिवाय तोल गेलेल्या माणसाला सरकत्या पट्ट्यावर चढवणं मला धोक्याचं वाटतं. त्या पैशात मानसोपचाराच्या फिया, बाथरूमची दांडी आणि चांगले बूट होऊन वर उरतील.

गाडी सुरळीत पळेल असं समजू नकोस. आठ दिवस जातील, मग चार दिवस उठणार नाहीत. सासूबाईंची तिथी, दिवाळी, लग्नाचा वाढदिवस, हे दिवस हमखास मागे ओढतात. तेव्हा "एवढं केलेलं वाया गेलं" म्हणायचं नाही, पाचव्या दिवशी बाटली पुन्हा हातात द्यायची. सहा-आठ आठवडे धर. सुधारणा पावलांत दिसत नाही, वेगळ्याच ठिकाणी दिसते. स्वतःहून चहा मागतात का, आमटीला मीठ कमी पडलं म्हणून बोलतात का, टीव्हीचा चॅनेल बदलतात का. माझ्या आईनं पहिली तक्रार केली ती वाण्यानं शेंगदाणे खवट दिल्याची, आणि मी त्या दिवशी मनातल्या मनात पेढे वाटले.

नणंदबाईंनी रोज फोन जरूर करावा, पण "किती पावलं झाली" विचारू नये. "आज कोण भेटलं?" एवढंच. आणि दोन महिन्यांतून आठवडाभर येऊन राहावं, म्हणजे तुलाही मोकळीक मिळेल. हे त्यांना तू सांगू नकोस, तुझा नवरा सांगेल. तू दमली आहेस ते पत्रभर दिसत होतं, शेवटी लिहिलं नसतंस तरी. रविवारची मैदानाची फेरी नवऱ्याकडे दे, आणि तो तास तू भांडी घासण्यात घालवलास तर मला कळवू नकोस, मी रागावेन.

बँड काढून घेऊ नका. पोराच्या हातात आहे तो तिथंच राहू दे, त्याला त्याची मजा वाटत असेल. मला फक्त एवढं लिही की पुढच्या मॅचला आण्णा कडेला कुठं बसले होते, आणि रेफ्रीला काय म्हणाले.